स्तनपानाचे फायदे सांगून झाले. आता पाजायला शिकवू या

ऑगस्टचा पहिला आठवडा हा जागतिक स्तनपान सप्ताह. १ ऑगस्ट १९९० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात स्तनपानाविषयीचा जाहीरनामा निघाला, त्याची आठवण म्हणून १९९२पासून हा सप्ताह पाळतात. आपल्याकडे त्या आठवड्यात आरोग्य केंद्रावर फलक लागतो, अंगणवाडीपुढे रांगोळी निघते, शाळेत पोस्टर स्पर्धा होते. ‘आईचे दूध अमृत’ असं बहुतेक पोस्टरांवर असतं. हे सगळं व्हावंच. पण त्याच गावात आठवड्याभराची बाळंतीण रात्री दोन वाजता बाळाला घेऊन बसलेली असते. बाळ नीट ओढत नाही, बोंडांना चिरा पडल्या आहेत, सासूबाई म्हणतात, ‘तुला दूधच येत नाही,’ आणि नवरा वरच्या दुधाचा डबा आणायला औषधाचं दुकान कधी उघडतंय याची वाट पाहतोय. आईचं दूध चांगलं हे त्या तिघांनाही ठाऊक असतं. बाळाला छातीशी कसं धरायचं, हे मात्र त्यांना कधी कुणी दाखवलेलं नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ही दरी स्पष्ट दिसते. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, तरी जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. म्हणजे डॉक्टर आणि नर्स हाताशी असतानाही पहिला तास हुकतो आणि पुढे तीनातल्या एका बाळाला सहा महिन्यांच्या आतच पाणी, गुटी, गाईचं दूध किंवा डब्यातलं दूध मिळू लागतं.

पाजणं ही बघून-बघून यायची गोष्ट आहे. घरात पाच-सहा बायका असत तेव्हा मुली ते लहानपणापासून पाहत. आज दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या मुलीने पदराआडचं स्तनपान जवळून कधीच पाहिलेलं नसतं. पहिलं बाळ हातात येतं तेव्हाच तिचा पहिला धडा सुरू होतो, तोही टाके दुखत असताना आणि झोप नसताना. तो धडा आधीच द्यायला हवा, आणि एकट्या तिला देऊन भागणार नाही. हा लेख त्यासाठी, म्हणजे शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गट चालवणाऱ्या बायका आणि ज्यांच्या घरात बाळंतपण येऊ घातलं आहे अशा सगळ्यांसाठी.

दाखवायचं काय?

आधी एक बाहुली करा. जुनी साडी किंवा धोतर गुंडाळून हातभर लांबीची, मान लुळी राहील अशी. दुकानातली ताठ मानेची प्लॅस्टिकची बाहुली इथे कामाची नाही, कारण सगळं शिक्षण मानेच्या आधाराचंच आहे. मोज्यात कापूस भरून, टोकाला गाठ मारून स्तनाची प्रतिकृती होते. गाठीभोवती काळसर कापडाचा गोल शिवा.

डाव्या बाजूला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं. उजव्या पंजाने मान आणि खांदे पेलायचे. डोकं मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ मान मागे झटकतं. डाव्या हाताने स्तनाला खालून आधार द्यायचा. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. बाळाचं नाक बोंडासमोर आणायचं, वरच्या ओठाला बोंड हलकेच लावायचं आणि मग थांबायचं. घाई होते ती इथेच. बाळ जांभई देताना करतं तेवढा मोठा आ त्याने केला, की झटकन बाळाला स्तनाकडे आणायचं. आईनेच वाकून स्तन बाळाकडे नेला तर तिची पाठ भरून येते आणि बाळाच्या तोंडात नुसतं बोंड जातं. नुसतं बोंड चोखून दूध फारसं येत नाही, चिरा मात्र पडतात.

नीट लागलेलं बाळ ओळखू येतं. हनुवटी स्तनाला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, काळसर भाग वरच्या ओठापाशी थोडा दिसतो आणि खालच्या ओठापाशी जवळजवळ दिसत नाही, आणि थोड्या वेळाने गिळण्याचा आवाज येऊ लागतो. सुरुवातीला किंचित ओढ जाणवेल. पण दुखणं थांबत नसेल तर सोसत बसू नये. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. ‘पहिलटकरणीला दुखायचंच’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. त्या वाक्याने किती जणींचं पाजणं पहिल्या पंधरवड्यातच सुटलं असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

बाळाची मान सरळ का हवी, हे शब्दांत सांगू नका. समोरच्या सगळ्यांना पाण्याचा एक लहानसा घोट तोंडात घ्यायला लावा आणि मान पूर्ण एका खांद्याकडे वळवून गिळायला सांगा. मग मान सरळ करून गिळू द्या. सातवीतल्या मुलाला आणि सत्तरीच्या आजीला, दोघांनाही फरक लगेच कळतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात स्तनपानाच्या पद्धतीवर मराठीत व्हिडिओ आहेत. आशाताईच्या मोबाइलवर ते आधी उतरवून ठेवले तर बैठकीत फार कामी येतात. पण व्हिडिओ झाल्यावर बाहुली प्रत्येकीच्या हातात गेलीच पाहिजे.

‘दूध पुरत नाही’

वरचं दूध सुरू होण्यामागे सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण हेच. म्हणून दूध कसं तयार होतं, ते साध्या शब्दांत सगळ्यांना समजावून द्यावं. बाळ जितकं ओढतं, स्तन जितका रिकामा होतो, तितकं नवं दूध तयार होतं. एकदा बाटली दिली की बाळ तेवढा वेळ अंगावर येत नाही, तेवढं दूध कमी होतं, मग दुसरी बाटली लागते. आठवड्याभरात ‘दूध आटलं’ हे वाक्य खरं होऊन बसतं.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, घट्ट आणि पिवळसर. तो चमचा-चमचाच असतो आणि तेवढाच पुरतो. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात पान्हा भरून येतो. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं नाही, तर तिसऱ्या दिवशी हमखास घबराट होते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं नेहमीचंच. संध्याकाळी बाळ सारखंसारखं मागतं, तेही नेहमीचंच. रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नये. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. हे दोन निकष अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावेत. मी तर म्हणेन, अमृताची घोषणा पुसून त्या जागी लिहावेत.

उन्हाळ्यात पाणी पाजण्याचा आग्रह विदर्भ-मराठवाड्यात फार होतो. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळं पाणी लागत नाही. तहान आईला लागते. पाजायला बसली की तिच्या हातात तांब्या द्या.

वर्गात

विज्ञानाच्या पुस्तकात सस्तन प्राणी येतात. देवमासा आणि वटवाघूळ पिलांना दूध पाजतात, हे मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात. माणूसही त्याच यादीत आहे, या ओळीपाशी मात्र शिक्षक पान उलटतात. तिथे थांबायचं ठरवलं तर वेगळ्या तासाची, वेगळ्या पुस्तकाची गरज उरत नाही. ‘स्तन’ हा शब्द ‘हृदय’ किंवा ‘फुप्फुस’ म्हणताना काढतो त्याच आवाजात काढा. पहिल्यांदा वर्ग हसेल. तुम्ही न थांबता पुढे बोलत राहिलात की दुसऱ्यांदा हसणार नाही.

लहान वर्गांत एवढंच पुरे की मांजर, गाय, शेळी आणि आई आपापल्या बाळांना पाजतात. भातुकलीत बाहुलीसोबत बाटली आली असेल तर ती बाजूला काढून वाटी-चमचा ठेवावा. पाचवी ते सातवीत चीक, पहिला तास, सहा महिने आणि मानेचा तो पाण्याचा प्रयोग. आठवी ते दहावीत बाहुली हातात द्यावी. मुलग्यांच्याही द्यावी, आणि त्यांना वर्गाबाहेर तर मुळीच पाठवू नये. दहा वर्षांनी रात्री दोन वाजता डबा आणायचा की बायकोला उशी आणून द्यायची, हे ठरवणारे तेच आहेत.

मुलींचं शिक्षण संपतं कुठे, हेही पाहायला हवं. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बालविवाह थांबवणं हे पहिलं काम आहेच. पण वर्गातल्या काही मुलींसाठी हा शेवटचा वर्ग ठरू शकतो, याची जाणीव ठेवून नववीचा तास घ्यावा.

गणिताच्या तासालाही एक चांगलं काम आहे. मुलांनी दुकानातून डब्याच्या दुधाचा भाव काढून आणावा, डब्यावरच्या प्रमाणानुसार महिन्याला किती डबे लागतील ते काढावं, गॅस आणि उकळलेलं पाणी धरावं आणि गावातल्या मजुरीशी ताडून पाहावं. काही आयाबाया पावडर पुरवून पुरवून पातळ का करतात, याचं उत्तर मुलांना त्या बेरजेत सापडतं.

एका गोष्टीत मात्र कमालीचं जपायला हवं. वर्गात आई नसलेलं मूल असतं, दत्तक आलेलं असतं, आजारपणामुळे आई पाजू न शकलेलं असतं. तास सुरू करतानाच सांगावं, की आईचं दूध न मिळालेली मुलंही मोठी होतात, शिकतात, खेळतात आणि न पाजू शकलेली आई कमी प्रेम करत नाही. इथे सांगण्यासारखी एक गोष्ट मुंबईतच आहे. शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली मानतात. जास्तीचं दूध असलेल्या आया तिथे ते देतात, तपासून आणि निर्जंतुक करून ते कमी वजनाच्या, अकाली जन्मलेल्या बाळांना मिळतं. रक्तदान मुलांना ठाऊक असतं. हे दान त्यांनी ऐकलेलं नसतं आणि ऐकलं की वर्ग गंभीर होतो.

आधी पालक सभेत पाच मिनिटं हा विषय मांडून ठेवा. न सांगता तास घेतला आणि मुलाने घरी जाऊन अर्धवट सांगितलं, तर शिक्षकाला नाहक उत्तरं देत बसावं लागतं.

आजीला सोबत घेऊन

गावातल्या कुठल्याही बैठकीत खरी सत्ता आजीकडे असते. तिला चुकीची ठरवून बाहेर पडलेला कार्यकर्ता त्या घरात पुन्हा पोहोचत नाही. म्हणून आधी तिचं बरोबर असलेलं मोजा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शेपू, बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, अंगाला तेल, तिच्याजवळ सतत कुणीतरी. यातलं पुष्कळसं फार चांगलं आहे. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशी सांगतात. आजीचे लाडू तेच काम करत होते. उलट नुसत्या वरणभातावर ठेवणं, पाणी कमी देणं, भाज्या-डाळी-फळं बंद करणं ही पथ्यं सोडायला तिला प्रेमाने सांगावं.

आणि मग चिकाकडे यावं. गाय व्यायली की चिकाचा खरवस घरातल्या लेकरांना आवर्जून देतो; वासराने आधी प्यावं हेही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मग सुनेचा चीक पिळून टाकायचा कशासाठी? हा प्रश्न आजीला विचारावा आणि उत्तर तिलाच देऊ द्यावं. मधाचं बोट, गुळाचं पाणी, गुटी हे मात्र स्पष्ट नको म्हणावं. मधात असू शकणाऱ्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो आणि सहाणेवरून, हातांवरून पोटात जाणारी घाण जुलाबाला निमंत्रण देते. चाटवण्याची हौस उष्टावणापर्यंत थांबू शकते. सहा महिने पूर्ण झाले की खिमट, वरण, कुस्करलेलं केळं, अंडं सुरू करायचं आणि अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा त्याहून पुढेही चालू ठेवायचं.

बैठक कुठे घ्यायची, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माता बैठकीला गरोदर बाई एकटी येते. डोहाळजेवणाला आई, सासू, जावा, नणंदा, शेजारणी अशा सगळ्या असतात. ओटी भरून झाली की वीस मिनिटं बाहुलीसाठी मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही. नवऱ्यांना गाठायचं तर भजनी मंडळ, दूध संकलन केंद्र, गणेश मंडळ. त्यांना भाषण नको, कामं सांगा: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री पाणी देणं, आल्या-गेल्याची ‘बाळ बारीक वाटतंय’ ही टिप्पणी बायकोच्या कानापर्यंत न पोहोचू देणं.

हे शिकवायला पदवी लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. त्यात जंतुसंसर्गावरचे उपचार होते, ऊब होती आणि स्तनपानाला मदतही होती.

डबा, बाटली आणि कायदा

१९९२ साली केलेल्या आणि २००३ साली अधिक कडक केलेल्या केंद्रीय कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचं डब्याचं दूध, शिशुआहार आणि बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी आहे. फुकट नमुने वाटता येत नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देता येत नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही आणि आईचं दूधच बाळासाठी उत्तम, ही सूचना छापावीच लागते. नववी-दहावीची मुलं दुकानात जाऊन हे तपासू शकतात. उल्लंघन दिसलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९९१ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’कडे कळवता येतं. आणि आपल्या सुदृढ बालक स्पर्धेला अशा कंपनीचं प्रायोजकत्व, फलक, फुकट किट घेऊ नका. पैसे कमी पडले तर स्पर्धा लहान करा.

कामावर जाणारी आई

नोकरदार बाईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आहे, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या आहेत. ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईच्या वाट्याला यातलं प्रत्यक्षात काहीच येत नाही, याची चीड येते. तिला हाताने दूध काढायला नक्की शिकवावं: हात धुवायचे, अंगठा आणि तर्जनी काळसर भागाच्या कडेवर, आधी छातीकडे मागे, मग हलका दाब, मग सोडायचं, कातडीवरून बोटं घासायची नाहीत. उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत काढलेलं दूध सावलीत, झाकून चार तासांत, फ्रीजमध्ये ठेवलं तर चोवीस तासांत वापरावं. बाळाला पाजायला वाटी-चमचा. बाटली नको, तिच्या कानाकोपऱ्यातली घाण निघत नाही.

मदत कुणाची?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्यांच्यासमोर बाळाला पाजा, त्यांना पकड पाहू द्या. नुसता ‘सगळं बरंय’ म्हणून चहा पाजून पाठवू नका. सिझेरियन झालेल्या आईलाही शुद्धीवर येताच बाळ जवळ द्यायला सांगा. तिला फक्त धरायला कुणीतरी लागतं. बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, लघवी कमी झाली, पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, किंवा आईला ताप येऊन स्तन लाल, कडक आणि दुखरा झाला, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. स्तन सुजला म्हणून पाजणं थांबवायचं नसतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही तर त्या बाजूनेही पाजतच राहायचं. कुठल्या आजारात किंवा औषधात थांबायचं, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी गावातल्या गरोदर बायकांची यादी काढा आणि प्रत्येकीला एक अशी जोडीदारीण नेमून द्या, जिने गेल्या वर्षा-दोन वर्षांत सहा महिने निव्वळ अंगावर पाजलं आहे. दोघींची पहिली भेट आठव्या महिन्यातच व्हावी, बाहुलीसकट. फोन नंबर एकमेकींच्या मोबाइलमध्ये जावेत आणि रात्री दोनला फोन केला तरी चालेल, हे जोडीदारणीने स्वतःच्या तोंडाने सांगावं.